फोनची मूळ किल्ली

२०११ च्या सुमारास महाराष्ट्रात कितीतरी जणांनी आपला फोन रूट केला, तो मराठी वाचता यावे म्हणून. अँड्रॉइडची २.२ किंवा २.३ ही आवृत्ती असलेल्या अनेक फोनांवर मराठी मजकूर उघडला की पडद्यावर रिकाम्या चौकोनांची रांग दिसे. वर्तमानपत्राचे संकेतस्थळ असो की मित्राने युनिकोडमध्ये पाठवलेला ई-मेल, अक्षराच्या जागी डबा. कारण साधे होते. त्या फोनांत देवनागरीचा फाँटच नव्हता. ऑपेरा मिनी वापरणाऱ्यांनी एक वाट शोधून काढली होती. पत्त्याच्या जागी ‘कॉन्फिग’ लिहून जे पान उघडे, त्यावरचा एक पर्याय ‘नो’चा ‘यस’ केला, की ऑपेराचा सर्व्हर देवनागरी मजकुराचे चित्र करून पाठवी. मराठी दिसे, पण त्या एका ब्राउझरपुरती. एसएमएस, संपर्कयादी, बाकीची अ‍ॅप यांत चौकोन तसेच.

मग फाँट फोनमध्ये घालायचा, हे ओघानेच आले. पण फाँट राहतात सिस्टिमच्या फोल्डरात, आणि ते फक्त वाचण्यापुरते खुले असते. स्वतःचे पैसे मोजून घेतलेल्या फोनमध्ये मालकालाच एक फाइल ठेवता येत नव्हती. ती ठेवण्यासाठी रूट, म्हणजे फोनवरचा पूर्ण ताबा, लागे.

रूट करून फाँट घातल्यावरही काम अर्धेच होई. ‘किल्ला’ हा शब्द संगणक क, ऱ्हस्व वेलांटी, ल, पाय मोडण्याचे चिन्ह, ल, काना या क्रमाने साठवतो. वेलांटी उचलून क च्या आधी मांडणे आणि दोन ल जोडणे हे फाँट एकटा करू शकत नाही, त्यासाठी अक्षरांची मांडणी करणारे इंजिन लागते. जुन्या अँड्रॉइडमध्ये देवनागरीपुरते ते नव्हते. त्यामुळे वेलांटी क च्या नंतर लटके आणि पहिला ल पाय मोडलेला उभा राही. तरीही लोक वाचत. चौकोनांपेक्षा मोडकी मराठी बरी होती. पुढे ४.० पासून देवनागरीची सोय मूळ अँड्रॉइडमध्येच येऊ लागली. पण ती आवृत्ती जुन्या फोनांना कंपन्यांनी फारशी दिलीच नाही, आणि पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला: हातातल्या फोनवर नवे सॉफ्टवेअर आणायचे कसे, आणि ते आणण्याचा हक्क कोणाचा?

रूट आणि अपडेट हे दोन विषय सहसा वेगवेगळे सांगितले जातात. मला ते एकाच दोरीची दोन टोके वाटतात.

रूट हा शब्द युनिक्समधून आला. १९७० च्या आसपास बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवले, तेव्हा एकच संगणक अनेक जण वापरत. प्रत्येकाचे खाते वेगळे, आणि सगळ्यांवर एक खाते, क्रमांक शून्य, त्याचे नाव रूट. त्याला कोणतीही फाइल वाचता येते, बदलता येते, पुसता येते. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा आहे आणि लिनक्सने ही पद्धत युनिक्सकडून घेतली. अँड्रॉइडने तिचा एक सुंदर उपयोग केला. फोन एकाच माणसाच्या हातात असतो, म्हणून खाती माणसांना न देता अ‍ॅपना दिली. तुम्ही नवे अ‍ॅप घेतले की फोन त्याला दहा हजारांच्या पुढचा एक वापरकर्ता क्रमांक देतो. जुन्या वाड्यात प्रत्येक बिऱ्हाडाची खोली वेगळी आणि कुलूपही वेगळे असे, तसे हे आहे. कॅल्क्युलेटरला बँकेच्या अ‍ॅपच्या खोलीत डोकावता येत नाही. वाड्यातल्या सगळ्या कुलपांना चालणारी एकच किल्ली म्हणजे रूट. ती फोनमध्ये असतेच, कारण तिच्यावाचून फोन सुरूच होणार नाही. फक्त ती तुमच्या हातात दिलेली नसते.

ही किल्ली पहिल्यांदा लोकांच्या हाती पडली ती निव्वळ चुकीने. २२ ऑक्टोबर २००८ ला अमेरिकेत टी-मोबाइलचा जी-१ हा पहिला अँड्रॉइड फोन विक्रीला आला. एचटीसीने बनवलेला, सरकवून उघडणारा कीबोर्ड असलेला. काही दिवसांतच एक विचित्र गोष्ट लक्षात आली. गप्पांच्या खिडकीत कोणी ‘रीबूट’ हा शब्द लिहून एंटर दाबला, की फोन खरोखर बंद होऊन पुन्हा सुरू होई. पडद्यामागे रूटच्या हक्काने चालणारी एक आज्ञाखिडकी तशीच उघडी राहून गेली होती, आणि कीबोर्डवर जे टाइप होई ते तिलाही ऐकू जाई. मित्राला लिहिलेले वाक्य फोन हुकूम म्हणून पाळू पाहत होता. जाणकारांनी तिथे ‘टेलनेटडी’ लिहिले, संगणकावरून फोनशी जोडणी केली, आणि अँड्रॉइडचा पहिला रूट झाला.

नोव्हेंबर २००८ मध्ये गूगलने अपडेट पाठवून ही चूक दुरुस्त केली. आता लोकांनी काय करावे? कित्येकांनी मेमरी कार्डवर जुनी आवृत्ती घेऊन फोन मुद्दाम मागे नेला, भोक उघडे राहावे म्हणून. अपडेट म्हणजे सुरक्षितता आणि अपडेट म्हणजे हक्क हिरावणे, हे दोन्ही अर्थ त्या एका महिन्यात जन्माला आले. कंपनी एक भोक बुजवी, रूटवाले दुसरे शोधत. त्यातले एक तर शिकण्यासारखे आहे. संगणकाला फोन जोडणारा अँड्रॉइडचा एक कार्यक्रम सुरू होताना रूट म्हणून सुरू होई आणि लगेच स्वतःचा हक्क खाली उतरवी. हक्क खरोखर उतरला का, हे मात्र तो तपासत नसे. २०१० मध्ये ‘रेज अगेन्स्ट द केज’ नावाच्या कोडने याचा फायदा घेतला. त्याने आधी इतकी कामे सुरू केली की एका खात्याला मिळणारी कामांची मर्यादाच संपली. मग त्या कार्यक्रमाला पुन्हा सुरू व्हायला लावले. मर्यादा भरल्यामुळे हक्क उतरवण्याची आज्ञा फसली, कार्यक्रमाला पत्ता लागला नाही आणि तो रूटच राहिला. एक उत्तर तपासले नाही, म्हणून अख्खा वाडा उघडा पडला.

आणि मार्च २०११ मध्ये जे व्हायचे ते झाले. अँड्रॉइड मार्केटवर, म्हणजे आजच्या प्ले स्टोअरच्या पूर्वजावर, पन्नासहून अधिक अ‍ॅपमध्ये ‘ड्रॉइडड्रीम’ नावाचा घातक कोड सापडला. फोन ताब्यात घेण्यासाठी त्याने वापरली होती तीच ‘रेज अगेन्स्ट द केज’ची युक्ती, जी हजारो लोक आपापला फोन हौसेने रूट करायला वापरत होते. गूगलला ती अ‍ॅप लोकांच्या फोनमधून दुरूनच काढून टाकावी लागली. अँड्रॉइड २.३ मध्ये ते भोक आधीच बुजवले होते. ज्यांच्यापर्यंत ते अपडेट पोहोचले नव्हते त्यांचे फोन सापडले.

भोकातून मालक आत जाऊ शकतो, तसा चोरही जाऊ शकतो. भोक माणूस ओळखत नाही. म्हणून ‘एका क्लिकमध्ये रूट’ करून देणाऱ्या अ‍ॅपवर माझा कधीच विश्वास बसला नाही. ते अ‍ॅप तुमच्या फोनवर यशस्वी झाले, तर त्याचा अर्थ दुसरे कोणतेही अ‍ॅप तुम्हाला न विचारता तेच करू शकते.

मालकाला आत जायचे तर दार हवे, आणि दाराची किल्ली मालकाकडे हवी. असे दार अस्तित्वात आहे. गूगलने २०१० च्या नेक्सस वनपासून ते उघडपणे दिले. त्याचे नाव बूटलोडर अनलॉक. फोनचे बटण दाबले की सर्वांत आधी चिपमध्ये कोरलेला छोटासा कोड जागा होतो. तो पुढच्या टप्प्याची डिजिटल सही तपासतो, तो टप्पा त्याच्या पुढच्याची, अशी साखळी अँड्रॉइडपर्यंत जाते. कुठे सही जुळली नाही की फोन पुढे जात नाही. अँड्रॉइड ४.४ पासून सिस्टिमची तपासणी तुकड्या-तुकड्याने होण्याची सोय आली आणि २०१६ च्या ७.० पासून ती सक्तीची झाली. बूटलोडर अनलॉक करणे म्हणजे या साखळीला सांगणे, की यापुढे सही नसलेले सॉफ्टवेअरही चालू दे, जबाबदारी माझी.

अनलॉक करताच फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. लोक यावर चिडतात, पण हा नियम योग्य आहे. तो नसता, तर रिक्षात विसरलेला तुमचा फोन कोणीही अनलॉक करून, स्वतःचे सॉफ्टवेअर घालून, आतले फोटो आणि संदेश उघडू शकला असता. अनलॉक केलेला फोन प्रत्येक वेळी सुरू होताना इशारा दाखवतो, तोही बरोबरच आहे. जुना फोन विकत घेताना असा इशारा दिसला तर व्यवहार थांबवा, कारण आतले सॉफ्टवेअर कोणी घातले हे कळायला मार्ग नसतो.

कंपन्या हे दार देतात ते मात्र आपापल्या मर्जीने. शाओमीने अर्ज करून कित्येक दिवस थांबायला लावले, अनेकदा १६८ तास. हुआवेने २०१८ मध्ये अनलॉकचे कोड देणेच बंद केले. सॅमसंगच्या नॉक्स ही सुरक्षा व्यवस्था असलेल्या फोनमध्ये एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतो. परके सॉफ्टवेअर घातले की तो जळतो, पुन्हा जोडता येत नाही, आणि नॉक्सवर चालणाऱ्या काही सोयी त्या फोनपुरत्या कायमच्या जातात. विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याने इतका ताबा ठेवावा हे मला मान्य नाही. डेटा पुसा, इशारा दाखवा, वॉरंटीच्या अटी स्पष्ट लिहा, पण दार असू द्या. अमेरिकेत जुलै २०१० मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने कॉपीराइट कायद्यातून सूट देऊन मान्य केले, की आपल्या पसंतीचे सॉफ्टवेअर चालवण्यासाठी स्वतःच्या फोनचे कुलूप उघडणे हा गुन्हा नाही.

या दारातून काय काय आले ते पाहा. स्टीव्ह कोंडिक यांनी २००९ मध्ये जी-१ साठी सायनोजेनमॉड नावाची सुधारित अँड्रॉइड बांधली. त्याच सप्टेंबरात गूगलने नोटीस पाठवली, कारण तिच्यात गूगलची स्वतःची अ‍ॅप होती आणि ती मुक्त परवान्याची नव्हती. ती वगळून काम चालू राहिले. कंपन्यांनी जे फोन टाकून दिले होते त्यांना जगभरच्या स्वयंसेवकांनी नव्या आवृत्त्या दिल्या. देवनागरीची सोय घेऊन आलेली ४.० ही आवृत्ती कितीतरी जुन्या फोनांवर सायनोजेनमॉड ९ च्या रूपाने पोहोचली, कंपनीच्या अपडेटने नव्हे. पुढे सायनोजेन नावाची कंपनी निघाली. मायक्रोमॅक्सचा यू युरेका हा फोन तिच्या सॉफ्टवेअरसह भारतात विकला गेला, आणि भारतातल्या हक्कांवरून मायक्रोमॅक्सचा वनप्लस या फोन कंपनीशी झालेला वाद डिसेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेला. २०१६ च्या अखेरीस कंपनीने हे काम बंद केले. स्वयंसेवकांनी तोच कोड घेऊन लिनिएज ओएस सुरू केले, ते आजही चालू आहे.

रूट करण्याची रीतही बदलली. पूर्वी सिस्टिमच्या फाइलींतच फेरफार करत. २०१६ मध्ये जॉन वू यांनी मॅजिस्क आणले. ते सिस्टिमला हात लावत नाही, फोन सुरू करणाऱ्या बूट इमेजमध्ये थोडा बदल करते. कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरमधून ती इमेज काढायची, मॅजिस्कने सुधारायची आणि संगणकावरून फास्टबूट या साधनाने फोनवर चढवायची. २०२१ मध्ये वू स्वतः गूगलच्या अँड्रॉइड सुरक्षा गटात गेले.

इथे दोरीचे दुसरे टोक हाताला लागते. कंपनीचे अपडेट आले की ते नवी बूट इमेज घेऊन येते, आणि रूट निघून जाते. सिस्टिममध्ये काही बदलले असेल तर अपडेट तपासणीतच अडकते. म्हणून रूट केलेल्या माणसाला दर अपडेटला मूळ इमेज परत ठेवणे, अपडेट घेणे, पुन्हा सुधारणे हे सारे करावे लागते. बहुतेक जण दोन-तीन वेळा करतात, मग कंटाळतात आणि अपडेट घेणेच सोडतात. मी पाहिलेल्या रूट केलेल्या फोनांचा खरा धोका हाच होता. रूट त्यांना घातक ठरले नाही, थांबलेले अपडेट ठरले.

अपडेटचे महत्त्व साऱ्या जगाला पटले ते जुलै २०१५ मध्ये. जोशुआ ड्रेक या संशोधकाने अँड्रॉइडच्या स्टेजफ्राइट या व्हिडिओ उघडणाऱ्या भागातल्या चुका उघड केल्या. विशिष्ट तऱ्हेने बनवलेला व्हिडिओ एमएमएसने आला, तर मालकाने तो उघडण्याआधीच फोनवर परका कोड चालू शकत होता. बाधित फोनांचा अंदाज होता ९५ कोटी. दुरुस्ती गूगलकडे तयार होती, पण ती फोनपर्यंत जाणार कशी? गूगलकडून कोड चिप बनवणाऱ्याकडे, तिथून फोनच्या कंपनीकडे, काही देशांत पुढे मोबाइल सेवा देणाऱ्याकडे, आणि मग ग्राहकाकडे. यातल्या एकाने कंटाळा केला की पाणी तिथेच अडले. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्यानंतर मात्र व्यवस्था सुधारली. ऑगस्ट २०१५ मध्ये गूगल आणि सॅमसंगने दरमहा सुरक्षा अपडेट देण्याचे जाहीर केले, आणि ६.० पासून सेटिंग्जमध्ये त्या अपडेटची तारीख दिसू लागली. २०१७ च्या ८.० मध्ये ट्रेबल या योजनेने अँड्रॉइडचा मुख्य भाग आणि चिपशी बोलणारा भाग यांच्यात ठरलेली सीमा आखली, म्हणजे एक बदलताना दुसरा दर वेळी नव्याने लिहावा लागू नये. २०१९ च्या १० पासून काही महत्त्वाचे भाग थेट प्ले स्टोअरच्या मार्गाने दुरुस्त होऊ लागले. अनेक फोनांत आता सिस्टिमच्या दोन जागा असतात. तुम्ही एकीवर काम करत असता, अपडेट दुसरीवर उतरते, आणि फोन पुन्हा सुरू केला की नवी जागा वापरात येते. ती नीट सुरू झाली नाही तर फोन जुन्या जागेवर परततो. ‘अपडेटने फोन बिघडतो’ ही जुनी भीती अशा फोनांवर बरीच कमी झाली आहे.

मुदतही वाढली. ऑक्टोबर २०२३ च्या पिक्सेल ८ ला गूगलने आणि जानेवारी २०२४ च्या गॅलेक्सी एस-२४ ला सॅमसंगने ७ वर्षांची अपडेट जाहीर केली. नेदरलँड्सच्या फेअरफोनची गोष्ट मला याहून मोठी वाटते. २०१५ च्या फेअरफोन २ च्या चिपला क्वालकॉमने अँड्रॉइड ६ नंतर आधार दिला नाही, तरीही त्या छोट्या कंपनीने स्वयंसेवकांच्या लिनिएजच्या कामाचा आधार घेऊन तो अँड्रॉइड १० पर्यंत नेला आणि २०२३ पर्यंत सांभाळला. बूटलोडरच्या दारातून आत गेलेल्या हौशी मंडळींचे काम अखेर कंपनीच्या कामी आले.

मग आज तुम्ही फोन रूट करावा का? रोजच्या फोनवर नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यावर बँक आहे, यूपीआय आहे, आधारशी जोडलेला क्रमांक आहे. फोनच्या अखंडतेची चौकशी करणारी गूगलची सेवा उघडे बूटलोडर ओळखते आणि बँकेची कितीतरी अ‍ॅप अशा फोनवर चालायला नकार देतात. त्यांना चकवण्याच्या युक्त्या निघतात, काही महिन्यांत निकामी होतात, आणि महिनाअखेरीला वीजबिल भरताना अ‍ॅप बंद पडते. लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचे चलान म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके, म्हणजे अ‍ॅपची, फाइल साध्या फोनवरही पैसे लुटते. रूट केलेल्या फोनवर घाईत एकदा ‘परवानगी द्या’ दाबले गेले, तर तिला सगळ्या खोल्या मोकळ्या.

पण कपाटात पडलेला, कंपनीने सोडून दिलेला फोन असेल तर जरूर करा. त्याइतके शिकवणारे दुसरे काही नाही. आधी सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवून डेव्हलपर पर्याय उघडा आणि तिथले ओईएम अनलॉकिंग चालू करता येते का ते पाहा. नसेल तर तिथेच थांबा. सर्व फोटो आणि संपर्क दुसरीकडे घ्या, बॅटरी भरपूर ठेवा, केबल चांगली वापरा. आणि फोनचा नेमका मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. एकाच नावाचे दोन फोन आत वेगळ्या चिपचे असू शकतात. माझा एक फोन याच चुकीने गेला: नाव तेच, फाइल भावंडाची. पडदा काळा, बटणाला प्रतिसाद नाही. बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाने मागचे झाकण काढले, पाटीवरचे दोन बिंदू चिमट्याने जोडले, फोनला चिपच्या आणीबाणीच्या स्थितीत नेले आणि तासाभरात ‘सॉफ्टवेअर मारून’ तो जिवंत केला. या मुलांना फोनच्या आतले जेवढे कळते, त्याचा निम्मा मान त्यांना मिळत नाही.

हे प्रकरण वाचून झाल्यावर घरातले सगळे फोन एकेक करून हातात घ्या, आईवडिलांच्या फोनपासून सुरुवात करा. सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ किंवा ‘सुरक्षा’ या भागात सुरक्षा अपडेटची तारीख शोधा. थांबलेले अपडेट असेल तर आज रात्री चार्जिंगला लावून ते घ्या. तारीख दोन वर्षांपूर्वीची असेल आणि नवे अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवरून बँकेचे अ‍ॅप काढून टाका.